गडगा मागे घेतला, पालखी थांबली नाही

आमच्या गावकीच्या अध्यक्षाने मला फसवलं. माझ्या अंगणाचा कोपरा घेतला आणि बदल्यात दिलेला शब्द मोडला.

दिघीच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, अगदी वळणावर माझं घर. आम्ही मुसलमान, पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या ओट्याशी थांबायची. वळण अरुंद, त्यात अंगणाच्या कुंपणाचा दगडी गडगा पुढे आलेला. पालखी टेकवून माणसं खांदे बदलत, पाणी पीत आणि अम्मा त्यांच्या हाती नारळ देई. आम्ही हात जोडत नसू, कुणी जोडा म्हणतही नसे. नारळ फुटला की पालखीबरोबरचा भगत देवापुढे ठेवण्याआधीच अर्धी वाटी आमच्यासाठी बाजूला काढी. प्रसाद आम्हाला चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी कुणाला कायदा वाचावा लागला नव्हता.

गेल्या पावसाळ्यानंतर अध्यक्ष आला. शाळेत माझ्याच बाकावर बसलेला माणूस.

"भाई, गडगा जरा मागे घे. वळताना पालखीचा दांडा घासतो."

हातगाडीवरून बर्फाच्या लाद्या विकत मी वर आलोय. फुकट बर्फाचा खडाही कुणाला देत नाही. म्हटलं, "घेतो. पण मान आमचाच. पालखी थांबणार, नारळ अम्माच्या हातचा घेणार."

तो हसला. "मासळी घ्यायला बसल्यासारखा देवाशी भाव करतोस व्हय रे!"

"देवाशी न्हाय, तुझ्याशी."

त्याने हातावर हात मारला. दुसऱ्याच आठवड्यात मी गडगा काढला.

यंदा ढोल ऐकू आला तशी अम्मा धुतलेल्या ओट्यावर येऊन उभी राहिली. पालखी आली आणि रुंद झालेल्या वळणावरून, माझ्याच जमिनीवरून पुढे निघून गेली. कुणाचं पाऊलही मंदावलं नाही. अम्माचे नारळ धरलेले हात तसेच पुढे. ढोल लांब गेल्यावर तिने विचारलं, "विसरली का रे?"

मी तिच्या हातातला नारळ घेतला आणि आत फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाला जेट्टीवर गाठलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मुंबईहून आलेली पोरं बोलली, मुसलमानाच्या दारात कशाला टेकवायची? आणि खरं सांगू? वळण मोठं झालंय. आता थांबायची गरजच न्हाय."

गरज! म्हणजे आजवर ही माणसं आमच्या दारी गडग्यामुळे थांबत होती? मग भगत ती अर्धी वाटी कुठल्या गरजेने बाजूला काढायचा? हे मला अजून उलगडलेलं नाही.

गडगा मी पुन्हा रचणार नाही. देवाची वाट अडवणारा मी नव्हे. कोपराही परत नको. नारळ अम्माने फोडू दिलेला नाही, फळीवर तसाच आहे. अध्यक्षाने माझ्या ओट्यावर येऊन बसावं आणि तिने विचारलं त्याचं उत्तर तिच्या तोंडावर द्यावं. मला नव्हे, तिला.