रिकामा ड्रम स्वच्छ नसतो

मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तिथे केळीच्या खोडापासून धागा काढायचं काम चालायचं. घड उतरवून झाले की फैजपूर-यावलकडच्या बागांमधली खोडं ट्रॉल्या भरून जळगावला यायची. त्यांचा लगदा व्हायचा आणि तो लगदा मधासारख्या दाट, पिवळसर द्रवात विरघळवायचा. त्या द्रवाला आयनिक लिक्विड म्हणतात. सोपं सांगायचं तर ते एक प्रकारचं मीठच, पण न तापवताही द्रवच राहणारं. त्याची वाफ होत नाही, ते सहजी पेटत नाही आणि त्याला वास जवळपास नसतोच.

वास नाही म्हणजे धोका नाही, या समजुतीवरूनच पुढचं सगळं भांडण झालं.

पहिले निळे ड्रम आले त्या दिवशी मॅनेजर साहेबांनी सगळ्या कामगारांसमोर त्यात बोट बुडवलं आणि वर धरून दाखवलं. "बघा, काही होतंय का? हे ॲसिड नाही. पर्यावरणाला चांगलं आहे, म्हणून तर आणलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात ड्रमबरोबर आलेलं माहितीपत्रक होतं आणि मी दुसऱ्या पानावर पोचले होते. त्यात लिहिलं होतं की डोळ्यांत गेलं तर इजा होते, कातडीला त्रास होतो, पाण्यातल्या जीवांना ते घातक आहे, पाण्यात ते लवकर नाहीसं होत नाही आणि गटारीत सोडायचं नाही.

मी शिंदखेडा तालुक्यातली. धुळ्याला रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण एकदा वाचलं की ते डोक्यातून जात नाही. आठवड्याभरात मी स्टोअरचं रूप पालटलं. ड्रम कोरड्या खोलीत हलवले, कारण ते द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बिघडतं. झाकण कडीनं घट्ट. पत्र्याच्या पिंपात ओतणं बंद, कारण त्यानं पत्रा गंजतो. ड्रमांभोवती विटांचा बुटका बांध घातला, शेजारी कोरडी वाळू ठेवली. हातमोजे आणि चष्मा नसेल तर झाकणाला हात लावायचा नाही. सांडलेलं टिपलेली वाळू वेगळ्या पिंपात, वर चिठ्ठी. शेवटी भिंतीवर आपल्या बोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: "ड्रम रिकामा शे, पन साफ नही शे."

"ताई, मधाले इतलं कोन घाबरस?" कामगार हसायचे. मीही हसायचे, पण चष्मा घातल्याशिवाय आत सोडायचे नाही.

उन्हाळ्यात रिकाम्या ड्रमांची रास लागली आणि मॅनेजर साहेबांना एक युक्ती सुचली. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. झाकणाचा मोठा ड्रम म्हणजे घरातली लक्ष्मीच. त्यांनी जाहीर केलं, प्रत्येक कामगाराला एक ड्रम भेट. तशा ड्रमांची नियमाप्रमाणे विल्हेवाट लावायची तर परवाना असलेल्या केंद्राची गाडी बोलवावी लागते, कागद करावे लागतात. भेट दिली की सगळं मिटलं, वर उपकारही झाले.

मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, "पाण्यानं विसळून घेतील ना ते."

"आणि ते विसळलेलं पाणी कुठे जाईल?"

मी ड्रिल मशीन मागवलं आणि एकेका ड्रमाच्या बुडाला चार-चार भोकं पाडत सुटले. हातमोजे घालून, चष्मा लावून, बांधाच्या आत उभी राहून. कामगार दारात येऊन थांबले. त्यांच्यात आमचे नाना होते. लगद्याच्या टाकीवर काम करणारे, साठीला आलेले, एरंडोलच्या अलीकडच्या एका गावातून रोज येणारे.

"ताई, इतला चांगला ड्रम, त्याले कसाले फोडस तू?" त्यांचा आवाज दुखावलेला होता.

त्या दिवसापासून माझं नाव 'ड्रमफोडी' पडलं. साहेबांचा राग मला चालला असता. पण डब्यातली चटणी पुढे करणाऱ्या बायकांनी माझ्याकडे पाठ फिरवली, ते लागलं. घरी जाऊन रडले. सकाळी उरलेल्या ड्रमांना भोकं पाडली.

मोजले तेव्हा एक ड्रम कमी भरला. मी भोकं पाडायला लागले त्याच्या आदल्याच दिवशी नानांनी तो नेला होता.

रविवारी मी स्कूटी काढून त्यांच्या गावी गेले. ड्रम अंगणात, सावलीला, काठोकाठ भरलेला. वर स्वच्छ धुतलेलं फडकं. नानांची सून त्यातलं पाणी भांड्यांना आणि कपड्यांना वापरत होती. पिण्याचं पाणी माठात वेगळं होतं, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. मग मी तिचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्या लाल होऊन सोलल्या होत्या.

"साबनच वाईट शे, दुसरं काय!" ती म्हणाली.

साबण असेलही. मी डॉक्टर नाही, तेव्हाही छातीठोक सांगितलं नाही आणि आजही सांगत नाही. पण नानांना मी माहितीपत्रकातली कातडीला त्रास होण्याची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. त्यांनी एकदा सुनेच्या हातांकडे पाहिलं.

"मंग नालीमा वती देस मी हाई पानी," ते उठत म्हणाले.

"नाना, नाली कुठे जाते?"

"नदीले."

"मग नाही ओतायचं."

"मंग काय करवो?"

"जिथून आलं तिथे परत न्यायचं."

"बठ्ठा गाव हासी आपले," एवढं नाना पुटपुटले आणि गल्लीतल्या चार गड्यांना हाक मारायला निघाले. झाकणाची कडी आवळली, फळ्या टाकून ड्रम पिकअपमध्ये चढवला. गाव हसलंच. मी सुनेला घेऊन डॉक्टरांकडे गेले. जाताना माहितीपत्रकाची प्रत बरोबर घेतली, म्हणजे मला कशाची शंका आहे ते त्यांना कळावं.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर साहेब उभे होते. "मॅडम, लोक कचरा बाहेर टाकतात. तुम्ही आत आणताय?"

"कचरा आपलाच आहे, साहेब. चुकून बाहेर गेला होता."

ड्रम मी बांधाच्या आत ठेवला आणि घातक कचऱ्याच्या नोंदवहीत जसं घडलं तसं लिहिलं. दुपारी साहेबांनी एक कागद पुढे केला. सगळे ड्रम नियमाप्रमाणे निर्धोक करून निकाली काढले, असा मजकूर. खाली माझ्या सहीची जागा. मी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी धुळ्याहून कारखान्याचे मालक, शेठ आले. वडिलोपार्जित व्यापार करणारे, शांत बोलणारे गृहस्थ. "ताई, तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"हवी आहे, शेठ. या सहीच्या बदल्यात नको. ड्रम इतका चांगला असेल, तर एक तुमच्या घरी न्या. आठ दिवस त्यातलं पाणी वापरा. मग मी सही करते."

संध्याकाळी माझी बदली मालरवानगीच्या टेबलावर झाली. स्टोअरची किल्ली नव्या माणसाकडे गेली.

मी हरले, असं सगळ्यांनी धरलं. मीही दोन-तीन दिवस तसंच समजत होते. मग नाना एक कागद घेऊन आले. टाकीवरच्या, गिरणीवरच्या, धुलाईच्या सगळ्यांच्या सह्या, काहींचे अंगठे. वर वेड्यावाकड्या अक्षरांत: आम्हाला हे ड्रम नकोत. पाण्यासाठी द्यायचेच असतील तर कोरे ड्रम द्या, आणि हातमोजे फाटण्याआधी बदलून द्या. नानांनी तो कागद स्वतः शेठच्या हातात दिला, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवर न बसता तिथेच उभे राहिले.

पावसाळा संपता संपता परवानाधारक केंद्राची गाडी आली. भोकं पाडलेले ड्रम, वाळूचं पिंप आणि नानांच्या अंगणातलं ते पाणी, सगळं नोंद होऊन गेलं. कोरे ड्रमही आले. सुनेचे हात डॉक्टरांच्या मलमानं हळूहळू बरे झाले.

किल्ली मला परत मिळाली नाही. नवा स्टोअरवाला मात्र झाकण उघडायच्या आधी माझ्या टेबलापाशी येऊन विचारून जातो. मॅनेजर साहेबांनी मला अजून माफ केलेलं नाही. मीही माफी मागितलेली नाही.