श्रीधरकाकांची पाणबुडी

काकूंचा फोन आला तेव्हा मी ह्यूस्टनहून शुगर लँडला घरी परतत होतो. "मिलिंद, काका गेले रे. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. तू ये, पण सावकाश ड्राइव्ह कर." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि त्या बाईंचं पत्र आलंय... आजच्याच टपालात." नवरा गेला त्या दिवशी काकूंना टपाल आठवावं हे परक्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. त्या पत्राची वाट बघण्यात काकांचे शेवटचे तीन महिने गेले होते, आणि त्याला जबाबदार मी होतो.

श्रीधरकाका माझे शेजारी. तेलाच्या पाइपलाइनसाठी समुद्राचा तळ तपासणारे इंजिनिअर, आता निवृत्त. आणि आमच्या अख्ख्या कॉलनीत घरात जर्मन पाणबुडी बाळगणारे एकमेव गृहस्थ! घरोघरचे डबे एकत्र आणून पॉटलकचं जेवण असलं की सगळ्या पोरांना ते कपड्यांच्या क्लॉजेटमध्ये कोंबायचे, दिवा घालवायचे आणि घोगऱ्या आवाजात सांगायचे, "शत्रूचं जहाज डोक्यावर आहे. जो शिंकेल तो सगळ्यांना बुडवेल!" पोरं श्वास रोखून बसायची. एखादी चिमुरडी विचारायची, "काका, आर वी डेड?" तेवढ्यात दाराबाहेरून काकूंचा हल्ला व्हायचा, "अहो कॅप्टन, वरण गार होतंय. पृष्ठभागावर या!"

मोठ्यांना मात्र ते गोष्ट वेगळी सांगायचे. "तिने माणसं मारली, हे आधी ऐका," अशी सुरुवात. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडून ती मेक्सिकोच्या आखातात आली. मिसिसिपीच्या मुखाशी तिने सुरुंग पेरले, एक मालवाहू जहाज बुडवलं आणि शेवटी एक प्रवासी जहाज. त्या जहाजाबरोबर नौदलाची छोटी गस्तनौका होती. तिने पाण्यात स्फोटकं टाकली, तेलाचा तवंग वर आला. नौकेचा कप्तान सांगत राहिला की पाणबुडी बुडाली... कुणी ऐकलं नाही. पुढे दूर कुठे तरी एका विमानाने बॉम्ब टाकला आणि पाणबुडी तिथे बुडाल्याचं कागदोपत्री ठरून गेलं. आतले सगळे खलाशी गेले होते, पण घरच्यांना जागा सांगितली गेली ती भलतीच.

इथे काका थांबायचे, आणि त्यांचा नाटकी आवाज साधा व्हायचा. कारण यापुढे गोष्टीत ते स्वतः होते. तरुणपणी त्यांच्या बोटीने त्याच पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळाचं ध्वनिचित्र काढलं. कागदाच्या लांब गुंडाळीवर शेजारीशेजारी दोन आकृत्या उमटल्या, प्रत्येकीमागे आवाज न पोचलेल्या जागेची काळी सावली. काकांच्या हातात त्या भागात बुडालेल्या जहाजांची यादी होती. यादीत दोन नावं, कागदावर दोन आकृत्या. टिक, टिक. मोठीवर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं 'प्रवासी जहाज', छोटीवर 'मालवाहू जहाज'. पाइपलाइन बाजूने गेली, काका घरी आले. बऱ्याच वर्षांनी यंत्रमानव कॅमेरा घेऊन खाली उतरला, तेव्हा छोटी आकृती पाणबुडी निघाली. ऑफिसात सगळे हसले. काका हसले नाहीत. "सावली मोजायला हवी होती रे," ते मला म्हणाले. "आकृती फसवते, सावली उंची सांगते. मालवाहू जहाजाची सावली एवढीशी असते का? मी यादी बघितली, सावली बघितलीच नाही."

तेव्हापासून ती गुंडाळी अभ्यासिकेतल्या टेबलावर पसरलेली असायची. काका प्लास्टिकच्या पट्टीने ती सावली पुन्हा पुन्हा मोजायचे. काकू दारातून विचारायच्या, "किती भरली?" "तेवढीच." "मग चहा घ्या."

एका जुन्या जर्मन सहकाऱ्याकडून त्यांनी त्या पाणबुडीवरच्या रेडिओवाल्याच्या मुलीचा पत्ता मिळवला. आता म्हातारी झालेली ती मुलगी वडील निघून गेल्यावर जन्मली होती. काका तिला आपल्या चुकीबद्दल पत्र लिहायचे, माझ्याकडून इंग्रजी तपासून घ्यायचे आणि ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे. दोन वर्षं हेच चाललं. शेवटी मी, मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करणारा उपद्व्यापी माणूस, प्रिंटआउटवर त्यांची सही घेतली, पाकीट खिशात घातलं आणि टाकून दिलं मेलबॉक्समध्ये! "नाटकं स्टेजवर कर, माझ्या घरात नको," काका कडाडले आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण टपालाची गाडी वळणावर दिसली की हाफ पँटमधले काका भर उन्हात मेलबॉक्सपाशी हजर.

अंत्यसंस्कार झाल्यावर काकूंनी पाकीट माझ्या हातात दिलं. "तूच पाठवलं होतंस, तूच वाच."

बाईंनी लिहिलं होतं: "तुमच्या चुकीनंतर आणि त्या कॅमेऱ्याच्या आधी, मधल्या वर्षांत माझी आई गेली. तुम्ही तेव्हा बरोबर लिहिलं असतं तर कदाचित तिला कळलं असतं. याचं काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. पण हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगितलंत. त्या कागदाची प्रत पाठवाल का? तुमच्या अक्षरासकट. माझे वडील आहेत त्या जागेचा तो पहिला कागद आहे."

मी मोठ्याने वाचत होतो... मध्येच ओळ चुकलो आणि मागे जाऊन पुन्हा वाचली. काका असते तर म्हणाले असते, एवढी वर्षं रंगमंचावर काढून ऐन प्रवेशात ओळ चुकलास? काकूंनी चष्मा पुसला. "माफ केलं नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "पण मागितलं काहीतरी. ह्यांना तेवढं पुरलं असतं."

प्रत काढायला आम्ही दोघं गेलो. दुकानातला मुलगा म्हणाला, पेन्सिलीच्या खुणा काढून टाकू का? "नो," काकू म्हणाल्या, अशा स्वरात की तो दोन पावलं मागे सरला.

प्रत जर्मनीला गेली. मूळ गुंडाळी अजून टेबलावरच आहे, पट्टी तिच्यावर आडवी. परवा काकूंकडे गेलो तेव्हा नकळत अभ्यासिकेत शिरलो, पट्टी उचलली आणि त्या काळ्या सावलीला लावली.

"किती भरली?" दारातून आवाज आला.

"तेवढीच, काकू."

"मग चहा घे."