पेनल्टीचा मान

आमचा फुटबॉल क्लब बुडाला तो खेळाडूंमुळं न्हाई, हुशार माणसांमुळं. खेळाडू बिचारे नुसते हरत होते. हरल्यानं कोणी बुडत न्हाई. हरू नये म्हणून जे उद्योग केले, त्यानं आम्ही बुडालो.

मी चौथीत शाळा सोडलेली. मास्तरांनी छडी उगारली, मी ती मोडली आणि घरी आलो. पण जालन्याच्या कडेला, वाटूरच्या रस्त्याला माझी जमीन आहे. शहरातल्या मस्तगड भागातली पोरं गल्लीत खेळून दुकानांच्या काचा फोडायची, म्हणून दुकानदारच एक दिवस माझ्याकडं आले, आणि त्या जमिनीतला सपाट तुकडा मी पोरांना खेळायला दिला. पुढं त्याचा क्लब झाला आणि मला अध्यक्ष केलं. जमीन ज्याची तो अध्यक्ष, ह्यात कौतुक काही न्हाई. तरी हार घालून घेतला, खोटं कशाला बोलू.

क्लब चढत चढत जिल्ह्याच्या वरच्या गटात गेला, तसा सळयांच्या कारखान्याचा एक शेटजी आला. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या मस्तगडात, मराठी माझ्यापेक्षा साफ. पोरांच्या छातीवर त्याच्या कारखान्याचं नाव आणि क्लबचा सगळा खर्चा त्याच्याकडं. एकच अट. "काकाजी, वरच्या गटात आहे तोवर मी आहे. दोन नंबरचा माल मी गोदामात ठेवत नाही, छातीवर कशाला ठेवू?"

मंग आम्ही हरायला लागलो. तळाला आलो. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार, त्यातली एक जागा आमच्या नावानं रिकामी दिसत होती.

इथं आमचे सचिव पुढं आले. कॉलेजात शिकवतात, मोबाईलवर परदेशातल्या क्लबांची बातमी वाचतात. "काका, खाली जायची भीती असली की खर्च वाढवायचा असतो. मोठे क्लब तसंच करतात."

"आणि तरीबी खाली गेले तर?"

"तर बुडतात. पण ती गोष्ट वेगळी."

वेगळी कशी, ते त्यांनी सांगितलं न्हाई, कारण बैठकीत चहा आल्ता.

हैदराबादहून तीन खेळाडू आणायचं ठरलं. त्यांनी तीन हंगामांचा पगार कबूल करून घेतला, कारण ते फुटबॉल खेळत होते, आम्ही न्हाई. उचल द्यायला पैसा न्हाई, कारण हरायला लागल्यापासून शेटजीनं हात आखडला होता: आधी वर राहून दाखवा, मंग देतो. मंग गावातल्या एका मंडपवाल्याकडून घेतला. त्याचं म्हणणं सरळ होतं: दिवाळीपर्यंत पैसे परत, न्हाईतर पुढची दहा वर्षं मैदानावर लग्नं. मला विचारलं. मी अध्यक्ष असताना क्लब खालच्या गटात गेला, हे मला ऐकायचं नव्हतं. मी हो म्हणालो. हिशेब बराबर होता: वर राहिलो की शेटजीचा पैसा येईल आणि मंडपवाला सुटेल. खाली गेलो की शेटजी जाईल, पगार राहतील, मैदान जाईल. म्हणजे सगळ्यांचं सगळं एका चेंडूवर, आणि तो चेंडू आमच्या पोरांच्या पायात.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, जिंकलो तरच वाचणार. तर दोन दिवस आधी हैदराबादवाले अडून बसले. "चचा, पगार नक्को तो खेल नक्को." चूक त्यांची न्हाई. पगार थकला होता.

शेटजीनं तोड काढली. "आमच्या मंदिरात पहिल्या आरतीची बोली लागते. जो जास्त बोलेल त्याला मान. आपण सामन्याचे मान विकू. काकाजी मधे बसतील, त्यांच्या शब्दावर लोक पैसा ठेवतात."

त्याच्या गोदामात, सळयांच्या ढिगांमधी सतरंज्या टाकल्या आणि मी बोली लावली. नारळ फोडायचा मान एका किराणावाल्यानं घेतला. हाफटाइमला मोसंबी वाटायचा मान बागवानानं घेतला, त्याला तसंबी माल खपवायचा होता. पंचाला शिट्टी अर्पण करायचा मान एका वकिलानं घेतला. सगळं विकून झालं तरी पगाराला कमीच पडून राह्यलं होतं. तेव्हा सचिवांना अक्कल सुचली.

"पेनल्टी मारायचा मान विकू. यंदा आपल्याला एकही पेनल्टी मिळाली न्हाई, मिळायचीबी न्हाई. फुकटचा माल आहे."

लोक हसले. फक्त आमचे उपाध्यक्ष हसले न्हाईत. हे वाटूरकडचे मोठे बागायतदार, नाकासमोर चालणारे, आणि नाकबी मोठं. महिना चालू होता धोंड्याचा. पुण्याचे जावई जेवायला येऊन राहिलेले. उपाध्यक्षांना त्यांना असं काही वाण द्यायचं होतं जे चुलत भावानं त्याच्या जावयाला दिलेलं न्हाई. अंगठी त्यानं दिली होती, गाडीबी दिली होती. पेनल्टी कुणीच दिली नव्हती.

"लावा," ते म्हणाले आणि असा आकडा बोलले की शेटजीनं चष्मा काढून पुसला.

मी विचारलं, "एक वार... दोन वार..." कोण बोलणार? "तीन वार. जावईबापूंची."

त्याच रात्री पगार झाले. सचिवांनी जावयाचं नाव राखीव खेळाडूंत घालून ठेवलं, नुसतं मानापुरतं.

सामना सुरू झाला. दुपारी जावईबापूंनी सासुरवाडीत धोंडे तुपात बुडवून खाल्ले होते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. अंगात क्लबची बनियन, पायात सासऱ्यानं घेतलेले नवे बूट, मागं दोन मेहुण्या मोबाईल धरून. मंडपवाला कडेला उभा. तो सामना बघतच नव्हता, मैदानाचे कोपरे बघत होता.

शून्य-शून्य. शेवटच्या घटकेला हैदराबादवाल्यांतल्या एकाला गोलाच्या तोंडाशी पाडलं. शिट्टी. पेनल्टी!

असा आरडाओरडा झाला की शेटजीनं मला मिठी मारली. मंग हळूहळू आवाज कमी झाला, कारण उपाध्यक्ष खुर्चीतून उठले होते.

"जावईबापू, चला."

सचिव धावत आले. "अहो, ही काय वेळ आहे? मैदान जाईल!"

"मंग बोली लावतानी वेळ कोणती होती?" उपाध्यक्ष म्हणाले. "पाव्हण्यांसमोर माझी इज्जत काढता का?"

जावई म्हणाले, "मामा, राहू द्या ना, मला खरंच जमणार नाही."

"तुम्ही गप बसा. तुमचा मान आहे."

हैदराबादवाल्यानं चेंडू काखेत धरला होता. "चचा, मेरेकू मारने दो. आँख मूँदके मारतूं, अंदर जाता."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्यानं तीन वार म्हटलं, त्यालाच विचारणार ना.

मी म्हणालो, "बेटा, परवा तुझ्या हातात पगार पडला तो ह्याच पेनल्टीचा. तू ती खाल्लीस. खाल्लेली चीज परत कशी मारशील?"

त्यानं चेंडू खाली ठेवला. समजदार होता.

शेटजी कानाशी आला. "काकाजी, शब्द ठीक आहे. पण नुकसान बघा."

"मैदान माझं आहे, शब्दबी माझा आहे. तुमचं नुसतं नाव आहे, तेबी बनियनवर."

लोक आजबी म्हणतात म्हातारा हट्टी आहे. असेल. पण त्या गोदामात पन्नास माणसं माझ्या तोंडाकडं बघून बोलली होती. कमिटीतल्या एकानंबी "सोडा काका, पैसे मी परत करतो" असं म्हटलं न्हाई. सगळ्यांना माझा शब्द फुकटात मोडून पाहिजे होता.

एक खेळाडू बाहेर आला, जावईबापू आत गेले. सासऱ्यानं गुलाल लावला. पंचानं शिट्टी वाजवली. जावईबापू धावत आले, धोंड्यांसकट, आणि चेंडूला पाय लावला. गोलकीपर उजवीकडं जोरात झेपावला. चेंडू डावीकडं निघाला. निघाला म्हणजे, फिरायला निघाला. एवढा निवांत की गोलकीपर पडला, उठला, गुडघे झाडले, चालत आला आणि रेघेच्या अलीकडं त्यानं चेंडू उचलून घेतला. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, झालं.

"नेम बराबर होता," उपाध्यक्ष म्हणाले. "चेंडूत हवा कमी होती."

आम्ही खालच्या गटात गेलो. दुसऱ्याच दिवशी शेटजीचा माणूस बनियनी न्यायला आला. हैदराबादवाले उरलेल्या दोन हंगामांच्या पगारासाठी वकिलाकडं गेले, तोच शिट्टीवाला. सचिव म्हणाले, "काका, मोठे क्लबसुद्धा असेच बुडतात." त्यांच्या तोंडावर समाधान दिसत होतं. शेवटी आपण मोठ्यांच्या पंगतीला बसलो.

दिवाळी झाली, पैसे कुठून येणार? तुळशीचं लग्न लागलं आणि मंडपवाला माणसं घेऊन मैदानात आला. लोखंडी गोलाचे खांब दोन्हीकडं उभे. "आजोबा, हे उपटून घ्या."

"बोलणं जमिनीचं झालं होतं. खांबाचं न्हाई."

"अहो, नवरानवरीचा सोफा कुठं मांडू?"

"ते तू बघ. मी लग्न लावायला घेतलेलं न्हाई."

त्यानं चार दिवस मिनत्या केल्या, एकदा दटावलंबी. मी खुर्ची टाकून खांबाला टेकून बसलो. पाचव्या दिवशी पाव्हणे यायला लागले, तेव्हा त्यानं झक मारून त्याच खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या, मागच्या जाळीत गुलाब खोवले आणि सोफा आत ठेवला. नवरानवरी गोलात बसली. लोकांना ते एवढं आवडलं की पुढची लग्नं तोच गोल मागून राह्यली आहेत, आणि मंडपवाला त्याचे वेगळे पैसे घेतो.

मुहूर्त नसतो त्या दिवशी आमची पोरं माळा काढून खेळतात, खालच्या गटात. मंडपवाला दर लग्नाला माझ्या घरी ताट पाठवतो, वर जिलबी झाकलेली. मी तसंच परत पाठवतो. माझ्याच जमिनीवरच्या लग्नात मी पाव्हणा म्हणून जेवणार न्हाई.