नातीनं धरलेलं मौन

आमच्या मोहल्ल्यात अजूनही काही जण म्हणतात, की सुनेनं सासूला चंद्रपूरच्या सेवाकेंद्रात नेऊन टाकलं. हे खोटं आहे. नेलं मी. सून शेवटपर्यंत म्हणत होती, "मामाजी, आईले इथीच राहू द्या. करून राह्यली ना मी सगळं." ती अंगणवाडी सांभाळून हे सगळं करत होती. मुलगा सूरजागडकडे खाणीत कामाला, महिन्यातून दोनदा घरी येणार. माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता आणि त्यानंतर तिची आठवणही झिजत चालली होती. तिला पलंगावरून उचलायला दोन माणसं लागायची, आणि त्यातला एक मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा. एकदा ती माझ्या हातातून निसटून पडली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या आठवड्यात तिला पोचवून आलो. लोक सुनेला बोलू लागले तेव्हा मी गप्प बसलो. ते मला सोयीचं होतं. आज हे लिहितो आहे त्याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण माझ्या नाती. मोठी मैत्री दहा वर्षांची, धाकटी पिहू सहाची. आजीला नेलं तेव्हा दोघी शाळेत होत्या. संध्याकाळी त्यांनी रिकामा पलंग पाहिला आणि विचारलं. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. म्हटलं, "आजी विपश्यनेच्या शिबिराला गेली. तिथं मौन असते, फोन नाई करता येत." आम्ही बौद्ध माणसं. शेजारचे काका असेच दहा दिवस शिबिराला जाऊन आले होते, त्यामुळे पोरींना ते पटलं. सुनेला ते आवडलं नाही, पण पोरींसमोर तिनं माझा शब्द मोडला नाही. रेल्वेच्या नोकरीत मी नागभीडजवळच्या फाटकावर अठ्ठावीस वर्षं काढली. फाटक बंद आहे की उघडं, याबद्दल कधी कोणाला खोटं सांगितलं नाही. रोज संध्याकाळी नातींना जवळ बसवून पंचशील म्हणवून घेणारा मीच. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. धम्माच्याच नावानं मी ते मोडलं, आणि मोडताना मला जरासुद्धा अडखळायला झालं नाही.

दहा दिवस सरले. मी म्हटलं, शिबिर मोठं आहे. पिहूनं विचारलं, "तिथी आजी काय करते?" मी रंगात येऊन सांगत गेलो. डोळे मिटून बसते, कोणाशी बोलत नाही, आणि ज्याचं मौन चांगलं होतं त्याला लवकर घरी सोडतात. हे शेवटचं वाक्य कुठून सुचलं कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून पिहूनं बोलणं बंद केलं.

आधी आम्हाला खेळ वाटला. ती जेवायची, शाळेत जायची, मान हलवायची, पण तोंडातून शब्द नाही. चौथ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली. सुनेनं तिला डॉक्टरांकडे नेलं. घसा ठीक होता. विहारातल्या बायांनी तिच्यासाठी परित्राण पाठ, म्हणजे रक्षणाच्या गाथांचं पठण, ठेवला. सगळे मनापासून गाथा म्हणत होते आणि मधोमध पिहू डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून बसली होती. ती असं का करते आहे हे तिथल्या फक्त एका माणसाला ठाऊक होतं. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण सांगितलं, तर आधी शिबिराचं खोटं नातींपुढे उघडं पडणार होतं. एका पोरीचा आवाज गेलेला मी सहन करत होतो, कारण मला माझं नाव जपायचं होतं. यापेक्षा स्पष्ट शब्दांत मला हे लिहिता येत नाही.

दर गुरुवारी मी गाडीनं चंद्रपूरला पत्नीला भेटायला जायचो. त्या गुरुवारी सकाळी घरातल्या बुद्धमूर्तीपुढे बसलो. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे नातींना मीच शिकवलेलं. मी मागितलं नाही. फक्त म्हटलं, माझ्याच्यानं हे होत नाही. आयुष्यात प्रथमच असं म्हटलं, आणि उठून स्टेशनवर गेलो.

केळझरला गाडी उभी राहिली ती राहिलीच. चहूकडे जंगल, थंडीचे दिवस. पुढं रुळावर रानगव्यांचा कळप उभा आहे, समोरची गाडी अडकली आहे, असं कोणीतरी म्हणालं. माझ्यासमोर चाळिशीची एक बाई बसली होती. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, मांडीवर पिशवी. बराच वेळ माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही खिडकीजवळच्या पलंगावरच्या बाईचे मालक ना?"

मी दचकलो. ती त्याच सेवाकेंद्रात नवीन लागलेली आया होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला पाहिलेलं.

"बरं झालं भेटले. उद्या केस कापून राह्यले तिचे," ती म्हणाली. "जटा झाल्या. कोणाले हात नाई लावू देत. कंगवा दिसला का मारते. म्हणते, माही पिहू घालते वेणी, तुम्ही कोन?"

मी म्हटलं, पिहू माझी नात.

"मंग तिले आणत काऊन नाई?"

आणि मी, ज्यानं सुनेला सांगितलं नव्हतं, मुलाला नव्हतं, त्यानं त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. आधी ती खो-खो हसली. "शिबिर! भाऊ, तिथी तर तुमची बाई दिवसभर शिव्या देते आमाले." मग हसू थांबवून म्हणाली, "लहान लेकराले बोलण्याचा उपास करवून राह्यले तुम्ही. लेकरू आहे का भिक्खू आहे ते?"

"भेव वाटते," मी म्हटलं. "आजीले तसं पाहून पिहू रडन."

"मंग रडू द्या ना," ती म्हणाली. "रडाले आवाज लागते."

तेवढ्यात समोरून गाडी आली आणि पलीकडच्या रुळावर थांबली. या दोन गाड्यांचं क्रॉसिंग रोज मूल स्टेशनला होतं. इतक्या वर्षांत केळझरला झालेलं मला आठवत नाही. ती नागभीडला परतणारी गाडी होती. बाई म्हणाली, "पाहता काय? बसा तिच्यात. उद्या पोरींले घेऊन या. केसाले कोणी हात नाई लावणार, मी सांगते मॅडमले." मी उतरलो, रूळ ओलांडले आणि परत फिरलो. गवे त्या दिवशी का आडवे आले, याचा मी विचार करत बसलो नाही. आमच्या धम्मात चमत्काराला जागा नाही. घडलं ते असं घडलं.

शाळा सुटल्यावर दोघींना समोर बसवलं, सुनेलाही बोलावलं. म्हटलं, "मी खोटं बोललो. आजी शिबिरात नाई. तिच्या मेंदूले आजार आहे. तिची सेवा घरी होत नव्हती, म्हणून मी तिले चंद्रपूरले ठेवलं. तुमच्या आईनं नाई, मी. पिहू, तू बोलली काय अन् नाई बोलली काय, त्यानं आजी काही लवकर घरी येणार नाई. तुझ्या हाती ते नव्हतंच कधी."

मैत्री म्हणाली, "मले माहीत होतं. आईच्या फोनात फोटो पाह्यला होता."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही खोटं नाई बोलत ना, आबाजी. मले वाटलं, मलेच चुकीचं समजलं."

आजवर मला कोणी इतकं मोठं शासन केलं नाही. पिहू काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. वाटेत मैत्रीनं तिला सांगून ठेवलं, की आजी कदाचित ओळखणार नाही. फिनाईलचा वास, सहा पलंग, खिडकीशी ती. तिनं खरंच ओळखलं नाही. पिहू दाराआड थांबली. त्या आयाबाईनं तिच्या हातात कंगवा आणि तेलाची वाटी दिली आणि बाजूला झाली. पिहू हळूच पलंगावर चढली, टोकाकडून गुंता सोडवू लागली. पत्नीनं डोकं झटकलं.

"हालू नको ना आजी!" पिहू ओरडली. "अशानं दुखते मंग!"

पत्नी गप्प बसली, वेणी पुरी होईपर्यंत.

परतीच्या गाडीत पिहूनं विचारलं, "आजी घरी येईल का?" जिभेवर एक गोड उत्तर आलंच होतं. मी म्हटलं, "नाई बेटा. आता नाई येणार." ती मूलपर्यंत मोठमोठ्यानं रडली. सगळा डबा पाहत होता. मी तिला उगी केलं नाही, नुसता जवळ धरून बसलो. मूल स्टेशन मागे पडल्यावर तिनं नाक पुसलं आणि त्या साऱ्या दिवसांत साठलेलं बोलायला सुरुवात केली. कोणी तिचं खोडरबर घेतलं, कुत्रीला किती पिल्लं झाली, बाई कशा रागावल्या. नागभीड आलं तरी संपेना.

पुढच्या पौर्णिमेला विहारात उभं राहून मी सगळ्यांना खरं सांगितलं. ऐकायला जे हजर नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं. घरी जाताना सुनेनं माझी काठी स्वतःकडे घेतली आणि मला हात दिला. मुली आता एक रविवार आड आजीकडे जातात. कधी ती ओळखते, कधी नाही. न ओळखलेल्या दिवशी पिहू तिला आपलं नाव नव्यानं सांगते.

त्या आयाबाईचं नाव मी विचारलं नाही. महिन्याभरात ती काम सोडून गावी गेली. रोज वंदना झाल्यावर मी तिच्यासाठी मंगल चिंततो. खरं बोलायला बळ लागतं अशी माझी समजूत होती, आणि ते बळ येण्याची मी वाट पाहत होतो. ते आलं नाही. माझ्याच्यानं होत नाही, असं ज्या सकाळी मान्य केलं, त्या दिवशी खरं आपोआप तोंडातून निघालं. तेव्हापासून मी हात जोडून तेवढंच म्हणतो, आणि पुढचं पाऊल टाकतो.