बंबावरची वॉच

बाबा नौदलात होते, एका जुन्या क्रूझरच्या बॉयलरवर. शेवटच्या वर्षांत ती समुद्रात जातच नव्हती, धक्क्याला बांधलेली असायची. तरी आतले दिवे, पाणी, स्वयंपाक चालावा म्हणून एक बॉयलर पेटता ठेवावा लागे. "जायचं कुठं नाही, आणि वाफ मात्र पुरी," असं ते हसून सांगायचे. मला हसू यायचं नाही, कारण आमच्या घराचं तेच झालं होतं.

सिडकोतल्या घराच्या मागच्या दारी तांब्याचा बंब होता. निवृत्तीनंतर बाबांनी तोच धरला. पिंपळगावचा मामा छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्या टेम्पोने पाठवायचा, बाबा त्या वीतभर तोडून रचून ठेवत. आई होती तोवर आंघोळी आटोपल्या की बंब विझायचा. ती गेली आणि तो दिवसभर धुमसू लागला. माणसं दोन, आणि पाणी गावजेवणाचं! एकदा बाबांचा डोळा लागला आणि निखाऱ्याने लेंगा पेटला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी अंबडच्या कारखान्यातून लुना हाणत घरी यायचे, ते जळाले नाहीत ना एवढंच बघायला.

मग पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला फार फार जायचं होतं. मामा बाबांना पिंपळगावला न्यायला तयार होता. बाबाच अडून बसले. "बंब सोडून कसा येऊ?"

मी भडकले. "बाबा, तो बंब आहे, जहाज नाही! कोण बसवून गेलंय तुम्हाला इथे?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. जहाजावर पाळी म्हणजे वॉच; बदलीचा माणूस समोर येऊन "वॉच घेतली" म्हणेपर्यंत जागा सोडायची नसते. क्रूझर निवृत्त झाली त्या संध्याकाळी सगळे वर डेकवर निशाण उतरवायला उभे होते. बाबा खाली वाट बघत राहिले. शेवटी फोनवर हुकूम आला, त्यांनीच बॉयलर बंद केला आणि ते वर आले. निशाण कधीच उतरलं होतं, डेक रिकामा.

"मला कुणी सोडवलंच नाही गं."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला वाट सापडल्याचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओढणी खोचून मी त्यांच्यापुढे ताठ उभी राहिले. "वॉच घेतली. तुम्ही मोकळे."

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला, सलाम ठोकला आणि आत जाऊन दहापर्यंत गाढ झोपले. मी बंब विझवला आणि मामाला फोन केला.

दुपारी टेम्पो दारात आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"चला दाजी, लय उशीर झालाय," मामा म्हणाला.

बाबा उंबऱ्यापाशी थांबले. दारामागे माझी बॅग भरून ठेवलेली होती.

"तूपण निघालीस? मग तुला कोण सोडवणार?"

शेजारच्या काकूंचं नाव सांगता आलं असतं.

बाबा मागच्या दारी गेले, चिमटा उचलला आणि गार बंबापुढच्या पाटावर बसले. "घेतली. जा तू, पोरी. माणसानं असं अडकून पडू नये."

त्यांनी मला रीतसर सोडवलं होतं. मला तेवढं सुटता आलं नाही. मामाचा टेम्पो रिकामाच परत गेला, आणि मी काड्या आणायला उठले.