बापाची गाठ

हल्ली जंगलवाटेच्या शर्यतींसाठी खास पिशव्या मिळतात. छातीवर बकल, खांद्यावरून नळी, नळीतून पाणी, शिट्टीला वेगळा कप्पा. अशी पिशवी दिसली की माझी पाठ आपोआप ताठ होते. माझ्या पिशवीला बकल नव्हतं. तिला माझे वडील होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर दातिवऱ्याला, वडील होडीवर तांडेल. त्यांच्या शब्दाशिवाय होडीवर कोणी जाळं उचलत नसे. आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा, ज्याला बोट लागायची. बाकीचे खलाशी मासे पकडायचे, मी काठावर वाकून माशांना जेवू घालायचो. शेवटी मी बोईसरच्या एका कारखान्यात लागलो. वडील रागावले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना मी समोर बसलेला असलो तरी ते आईला म्हणायचे, "त्याला सांग, मीठ सरकव." आई मला सांगायची आणि मी मीठ सरकवायचो. आमचं घर फार शिस्तीचं.

कारखान्याचे एक साहेब परदेशात राहून आले होते. तिकडे लोक मजेसाठी जंगलात धावतात, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. आमच्याकडे माणूस जंगलात धावतो तो पाठीमागे काही लागलं तरच. तरीही शर्यत ठरली. पालघरहून निघायचं, वाघोबाच्या खिंडीतून रानवाटेने मासवण गाठायचं आणि परत यायचं. प्रत्येकाने पाठीवर आपली पिशवी घ्यायची. तिच्यात पाणी, पट्टी आणि 'सुका खाऊ'. सुटण्याआधी साहेब जातीने पिशव्या तपासणार होते.

मी सगळ्यांत आधी नाव दिलं. तब्येतीसाठी, असं कारखान्यात सांगितलं. खरी गोष्ट अशी की उलटी न करता मला काहीतरी जमतं, हे वडिलांना दिसायला हवं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून बोलावं, एवढंच बक्षीस मला पाहिजे होतं. साहेबांचा पितळी कप त्यांना लखलाभ.

पिशवी भरायला आई बसली. सुका खाऊ म्हणताना साहेबांच्या मनात चणे, खारका, बिस्किटं असणार. पण आमच्या किनाऱ्यावर 'सुका' म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, बोंबील की जवळा? आईने तो मलाच विचारला. मीही शहाणा, बोंबील म्हणालो. तिने ते खरपूस भाजले, तिखट लावलं, कागदात गुंडाळले आणि पाण्याच्या बाटलीशेजारी कोंबले. बोईसरच्या बाजारातून आणलेली ती जुनी खाकी पिशवी. पट्टे शाबूत, पण झाकणाचं बकल तुटलेलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी ती पाठीवर टाकून अंगणात उड्या मारून पाहिल्या. बाटली मणक्यावर ढोल वाजवत होती आणि बोंबील मानेपाशी येऊन विचारपूस करत होते. ओट्यावर चहा पीत बसलेले वडील उठले. आतून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली. ती पिशवीभोवती गुंडाळली, मग माझ्या छातीभोवती, मग कमरेभोवती, आणि बरोबर पाठीच्या मधोमध, जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथे, गच्च गाठ मारली. मग कारखान्याला लागल्यापासून पहिल्यांदाच ते मला उद्देशून बोलले.

"भार हालला का होडी पलटी खाते."

मी होडी झालो होतो. पण त्यांनी आईला मध्ये घातलं नव्हतं. मला आनंदाने नीट श्वासही घेता येईना. थोडा दोष दोरीचाही होता.

पालघरला साहेब पिशवीपाशी वाकले आणि तितक्याच चपळाईने सरळ झाले.

"सुका खाऊ?"

"हो साहेब. सुकाच."

त्यांनी गाठ सोडवून पाहिली. मग दोघा कामगारांनी पाहिली, एकाने दातांनीही पाहिली. शेवटी नाकाच्या पुराव्यावर मला पास केलं.

पिशवी तसूभर हलली नाही, हे मान्य केलं पाहिजे. खिंडीच्या चढावर बाकीच्यांच्या पिशव्या डावी-उजवीकडे नाचत होत्या. माझी मात्र पाठीला चिकटली होती. वासामुळे मला वाटही मोकळी मिळाली. पण खिंड उतरेपर्यंत घसा कोरडा पडला. पाणी माझ्याच पाठीवर होतं आणि मी त्याचा नुसता हमाल होतो. धावण्याच्या हिसक्यांनी गाठ आणखी आवळत चालली होती.

मासवणला एका झोपडीपुढे भात पाखडणारी बाई माझी दशा बघत होती. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि आतून कोयता आणला.

"वल इकडं, पाठ कर. दोर कापते."

मी मागे सरलो. "नको. आमच्यात दोर कापत नाय."

हे खोटं नव्हतं. आमच्या घरात दोर सोडवतात. अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण त्याला पातं लावायचं नाही. कापायचा तो एकदाच, नवी होडी पहिल्यांदा पाण्यात लोटताना, नारळ फोडून. आणि ही तर वडिलांनी माझ्यासाठी मारलेली पहिली गाठ. ती मी वाटेत कापून येणार होतो की काय?

"आन तहानेनं मेला तर?" बाईने विचारलं.

"मेलो तरी नाय."

तिने कोयता खाली ठेवला आणि वेड्याला द्यावा तसा आणखी एक तांब्या दिला.

परतीच्या चढावर पायांत गोळे आले. मी शेवटचा पोचलो. कप वाटून झाला होता. साहेब कात्री घेऊन पुढे आले, तेव्हा मी दोन्ही हात वर करून त्यांना लांब ठेवलं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पोतं काढून वर ठेवा." मी म्हटलं, "मग मलाही वर ठेवावं लागेल." अख्खा प्रवास उभ्याने केला.

दुपार कलताना घरी पोचलो, पिशवीसकट. वडिलांनी मला खांद्याला धरून वळवलं.

"कापली नाय?"

"नाय."

ते गाठीला भिडले. नखं लावली, जाळं विणायची सुई घातली, मला उजेडाकडे फिरवलं. गाठ दगड झाली होती. आयुष्यभर तुफानातले दोर सोडवणारा माणूस माझ्या पाठीमागे धापा टाकत होता. मला हसू येत होतं आणि मी ते प्राणपणाने दाबत होतो. मग त्यांचे हात थांबले. ते आईकडे वळले. आता "त्याला सांग" सुरू होणार, या विचाराने मला खरोखर भीती वाटली.

"कोयती आन ग," ते आईला म्हणाले.

आई कोयती घेऊन आली, पण लगेच देईना. त्यांच्याकडे बघत राहिली.

"दोर कापताव?"

"कापतो."

करकर आवाज झाला आणि छाती एकदम मोकळी झाली. पिशवी खाली पडली. आईने पदराने तोंड पुसलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं,

"मंग नारल आनू काय?"

ती थट्टा करत होती. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे नाही.

"आन," ते म्हणाले.

त्यांनी ओट्याच्या दगडावर नारळ फोडला. आम्ही तिघांनी ते खोबरं सुक्या बोंबलांबरोबर खाल्लं. मध्येच वडिलांनी मला मीठ सरकवायला सांगितलं.