केसर किती वेळ तरंगली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली कटकटसुद्धा घरात पाऊल टाकताच सांगते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

आधी माझा स्वभाव सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. मी भोचक आहे. लहानपणी घड्याळं उघडून बसायचे, पाहुण्यांच्या पिशव्यांत डोकावायचे. आई म्हणायची, या कार्टीला झाकलेलं काही म्हणून बघवत नाही. पुढे हाच भोचकपणा पोटापाण्याला लागला. दिल्लीतल्या एका संग्रहालयात मी जुन्या बाहुल्यांच्या नोंदी करते — कुठली, कुणाची, कशाची, किती जुनी. सकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून निघायचं आणि दिवसभर लाकडी माणसांची विचारपूस करायची. याहून बरी नोकरी कुठली असणार?

या नोकरीतच घीसाजी भेटले. राजस्थानातले कठपुतळीवाले, ऐंशीच्या घरातले, शादीपूरजवळ एका खोलीत नात आणि बाहुल्यांसकट राहायचे. तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. बाहुल्यांना पाय का नसतात? बाहुल्यांचा आवाज काढायला तोंडात धरतात ती शिट्टी चुकून गिळली तर? ते हसत हसत सांगायचे, मी लिहून घ्यायचे. त्यांच्याकडची सगळ्यांत जुनी बाहुली म्हणजे केसर. आंब्याच्या लाकडाची, हातभर उंचीची नाचणारी. त्यांच्या घरात एक रीत होती — बाहुलीचा घागरा विरला तर तो काढायचा नाही, वरून नवा चढवायचा. केसरचा सगळ्यांत वरचा घागरा मी आमच्या सरोजिनीच्या बाजारातून नेलेल्या ओढणीचा होता. त्याचा मला केवढा अभिमान! पण त्या ओढणीखाली काय काय असेल, हा किडा तेव्हापासूनच डोक्यात वळवळत होता. तो काही शांत बसेना.

मग केसर थकली. खांद्याजवळ लाकूड चिरलं, दोरा धरेना. अशा बाहुलीला हे लोक टाकत नाहीत, विकत नाहीत. नदीत सोडतात. जितका वेळ ती तरंगेल, तितकी तिची आयुष्यभराची पुण्याई, असं मानतात. घीसाजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. मी दर रविवारी आईकडे नोएडाला जाते, वाटेत यमुना लागते, हे त्यांना ठाऊक होतं. लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी केसर माझ्या हातात दिली. म्हणाले, "बेटी, जल्दी मत करना. डूबने तक खड़ी रहना."

मी हो म्हटलं.

आता बघा — दीड दिवसाच्या गणपतीला निरोप देताना दरवर्षी डोळे पुसणारी बाई मी. विसर्जन म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? शिवाय यमुनेत हल्ली मूर्ती सोडू देत नाहीत. आमचा गणपतीसुद्धा बादलीत विरघळतो. बाबा, नदीत नाही जमणार, असं तिथल्या तिथे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर केसर परत द्यावी लागली असती.

त्या रविवारी मी नोएडाला गेलेच नाही. केसरला जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली आणि ब्लेडनं टाके उसवले.

हे लिहिताना हात अडखळतोय, पण त्या दिवशी नाही अडखळला. उलट — खरं सांगू? — इतका आनंद मला क्वचितच झालाय. ओढणीखाली टेरिलीन. त्याखाली कुणाच्या तरी लग्नातली साटीन. मग एक फुलाफुलांचं चीट, मग आणखी एक. प्रत्येक घागऱ्याचे टाके वेगळे, हात वेगळा. एका घराच्या चार पिढ्या माझ्या टेबलावर पसरल्या होत्या आणि मी चहा घेत त्यांचे फोटो काढत होते. सगळ्यांत आत जाडंभरडं, हाती छापलेलं सुती कापड. त्याच्या काठात एक गाठ लागली. ती उसवली, तर आत बारीक, भुरे केस. लहान मुलाचे.

कुणाचे? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या जिवाला लागला. आणि गंमत बघा, ज्यांना विचारायचं त्यांनाच विचारता येत नव्हतं. विचारलं की चोरी उघडी.

पुढच्या आठवड्यात घीसाजींनी मला विचारलं, "कितनी देर तैरी?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "बहुत देर, बाबा. पुल के नीचे से निकल गई. फिर दिखना बंद हो गई, पर डूबी नहीं."

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना — ते मला नको होतं. नंतर शेजारच्या प्रत्येकाला बोलावून त्यांनी गूळ वाटला आणि सांगितलं, केसर डूबी नहीं. मी गूळ खाल्ला. दुसऱ्यांदा मागूनही घेतला.

त्या वर्षीच ते गेले. मग मला जास्तच मोकळं वाटलं — हेही सांगायलाच हवं. मी केसरची नोंद केली. 'कुटुंबाकडून भेट' असं लिहिलं. पाच घागरे कागदात बांधून पेटीत ठेवले. केस एका छोट्या पिशवीत घालून मी माझ्या खणात ठेवले. खांदा सांधून, चेहरा उजळून केसर नावाच्या पाटीशिवाय काचेत उभी राहिली, अंगावर फक्त तो आतला सुती घागरा, जो त्या घरातल्या कुणाही हयात माणसानं कधी पाहिलाच नव्हता. सगळे म्हणाले, काय सुंदर जतन केलंय.

गेल्या महिन्यात त्यांची नात शारदा संग्रहालयात आली. आता तीच खेळ करते. मी तिला टाळू शकले असते. पण केसरला ओळखते का हे बघायचं होतं मला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! ती काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. नाही ओळखलं तिनं.

मग आपणहून म्हणाली, "हमारी केसर भी इतनी ही थी, मैडम. पता है, उसमें दादाजी के बाल सिले थे? उनसे पहले के तीन भाई नहीं बचे थे. तो उनकी मां ने उनके पहले बाल केसर में सी दिए, कि नज़र लगे तो उसे लगे. दादाजी कहते थे, मैं तो जाऊंगा बाद में, पहले केसर के साथ थोड़ा-सा पार हो लूं." ती हसली. "अच्छा हुआ, आपने पार करा दिया."

मी मान हलवली. हो म्हणून.

खणातल्या पिशवीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे — 'केस, लहान मुलाचे. कुणाचे ते अज्ञात.' आता मला ते माहीत आहे. चिठ्ठी मी बदललेली नाही.